वॉरंटीत बसत नाही

नवा पिकअप घेतला की शोरूममध्ये मालकाचा तासभर थाट असतो. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली आणि शेजारी फोटोपुरता हसणारा सेल्समन. त्या दिवशी मालक 'साहेब' असतो. पहिल्या सर्व्हिसिंगला तो 'दादा' होतो आणि क्लचचा वास येतो म्हणून तक्रार घेऊन गेला की 'काका'. काउंटरवरून 'काका' अशी हाक आली की समजावं, काम वॉरंटीत बसत नाही.

वॉरंटीचं पुस्तक डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्यांच्या बॉक्सखाली दबलेलं असतं. त्यात 'तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते' अशा धाटणीचं वाक्य असतं. तीन वर्षं ऐकायला भारदस्त वाटतात. पण नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेजमार्गे वाशीला जाणारी गाडी एका फेरीत तीनशे किलोमीटर सहज मोडते. रोज नुसते तीनशे धरले तरी एक लाखाचा आकडा ३३४व्या दिवशी गाठला जातो. पाच वर्षांच्या कर्जातले चार वर्षांचे हप्ते बाकी असतात आणि वॉरंटी पहिला वाढदिवसही न बघता गेलेली असते.

जाहिरातीत हीच गाडी डोंगर चढते, ओढे ओलांडते, हौद्यात माल मावत नाही तरी हसत पळते. पुस्तकातल्या बारीक टायपात मात्र जादा भार, खराब रस्ता, पाण्यात शिरणं ही वॉरंटी नाकारायची कारणं असतात. कंपनीतल्या जाहिरात खात्याची आणि वॉरंटी खात्याची एकदा कुणीतरी ओळख करून द्यायला हवी.

आता काउंटरवरचा संवाद.

"काका, आवाज नेमका कधी येतो?"

"तिसरा टाकला की. भरल्या गाडीला, चढावर."

"आत्ता येतोय का?"

"आत्ता गाडी रिकामी आहे. अन् इथं चढ कुठाय?"

सर्व्हिस ॲडव्हायझर स्कॅनर लावतो. स्कॅनरवर कोड येत नाही आणि जे स्कॅनरला दिसत नाही ते जगात नसतं. जॉब कार्डवर 'कस्टमर व्हॉइस' नावाचा रकाना असतो. मालक दहा मिनिटं बोलतो, त्या रकान्यात 'नॉइज' एवढाच शब्द उतरतो. शेजारी शेरा पडतो: 'व्हेईकल कॅरेक्टरिस्टिक'. आवाज हा बिघाड नव्हे, गाडीचा स्वभाव आहे. लग्नाआधी बघायला हवा होता.

मालक हटला नाही तर संशयित हजर केले जातात. ड्रायव्हर हाफ क्लचवर चालवतो. रस्ते खराब आहेत. ऑइल बाहेर बदललंय. आणि सगळ्यांचा लाडका आरोपी म्हणजे डिझेल. "कुठल्या पंपावर भरता, काका? पावती आहे?" यांतलं काहीच लागू पडलं नाही, तर क्लच प्लेट 'वेअर अँड टेअर'मध्ये जाते आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य येतं: "आमच्याकडे अशी ही पहिलीच कम्प्लेंट."

डिझेलवरून आठवलं. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या सहाशेच्या आतबाहेर डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या इंजिनांचे भाग खराब झाले असण्याची शक्यता होती. कारण काय, तर कारखान्यातच आलेलं इंधन दूषित असल्याचा संशय. भेसळीचं डिझेल थेट उगमाशी! तिथे मात्र पंपाची पावती कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेले २९,८७८ पिकअप परत तपासायला घेतले. त्यांच्यातल्या एका द्रवाच्या पाइपची जोडणी नीट झाली नसल्याची शंका होती.

कंपनीने हे आपणहून जाहीर केलं, ते चांगलंच केलं. पण घोषणेच्या आदल्या आठवड्यात या २९,८७८ मालकांपैकी एखादा एकटाच काउंटरवर आला असता, तर त्याला काय ऐकावं लागलं असतं? ठोकबंद सापडला तर दोष कंपनीचा, सुटा सापडला तर काकांचा.

आपणहून जाहीर करण्यालाही जाती असतात. वडापवाल्यांची लाडकी टवेरा घ्या. मधल्या सीटवर पाच आणि मागे जमतील तितके कोंबून तिने अर्धा महाराष्ट्र वाहिला. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने २००५ पासून बनलेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. प्रदूषण चाचणीच्या वेळी निवडक, कमी धूर सोडणारी इंजिनं पुढे केली जात होती आणि हे उद्योग कंपनीच्याच माणसांचे होते. परीक्षेला डमी उमेदवार बसवायचा आणि गुणपत्रिका वर्गातल्या सगळ्यांना वाटायची, असा तो प्रकार. त्या आठ वर्षांत "गाडी धूर फार सोडते" म्हणणाऱ्या टवेरावाल्यांना नोझल साफ करून घ्यायचा सल्ला किती वेळा मिळाला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, धुराची काळजी डीपीएफ नावाची जाळी घेते. ती काजळी अडवते आणि पुरेशी तापली की जाळून टाकते. तापण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. मार्केट यार्ड ते हडपसर अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीला हे सुख लाभत नाही, म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागतो. यावर सर्व्हिस सेंटरचा सल्ला असा की गाडी हायवेला काढा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबू नका. पुण्यात राहून न थांबता वीस मिनिटं गाडी चालवणाऱ्या माणसाला वॉरंटीची गरजच काय!

शेवटी माणूस कायद्याकडे वळतो. कायदा त्याच्या बाजूने आहे, फक्त आधी त्याने आपण ग्राहक असल्याचं सिद्ध करायचं असतं. धंद्यासाठी वस्तू घेणारा ग्राहक नसतो. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर असतो. स्वतः ट्रक चालवून माल वाहणारा माणूस ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उदाहरण देऊन सांगितलं. आता पेच पाहा. ड्रायव्हर ठेवला, तर मालक ग्राहक उरतो का यावर कंपनीचा वकील तासभर बोलू शकतो. स्वतः गाडी चालवली तर तो नक्की ग्राहक, पण मग काउंटरवर 'ड्रायव्हरची चूक' ज्याची काढली होती, तो ड्रायव्हरही तोच.

तरी दार उघडं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी २०० रुपये शुल्क आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हायला हवा. 'प्रयत्न' हा शब्द त्या कलमात फार कष्ट करतो. तिथे गेल्यावर डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी डीलरकडे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि हातात आली २००९ची गाडी. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०२१ मध्ये निकाल लागला की डीलर हा कंपनीचा हस्तक नाही, दोघांचा व्यवहार बरोबरीचा. कंपनी सुटली, डीलर अडकला. फाटकावर बोर्ड मात्र कंपनीचाच असतो.

क्रेटा गाडीच्या एका खटल्यात वेगळं घडलं. २०१५ मध्ये घेतलेल्या गाडीला २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत आणि मालकाच्या डोक्याला, छातीला, दातांना मार लागला. कंपनीचं म्हणणं, धडकेचा जोर एअरबॅग उघडण्याइतका नव्हता. वेग आणि बलाचं गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सुनावलं आणि तीन लाखांची भरपाई व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. म्हणजे एअरबॅगसाठी किती जोरात धडकावं, हे तरी ग्राहकाने ठरवायचं नाही.

राहिला गल्लीतला मेस्त्री. त्याने गाडी उघडली की वॉरंटी गेली, हा धाक जुना. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. मेस्त्री अजून फोनवर व्हिडिओ पाहून सेन्सर ओळखतो.

सरकारनेही मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घातलं. ठरावीक टक्के मालकांनी एकच दोष कळवला तर सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी हे नियम लागू आहेत आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. फक्त मालकाने तक्रार सरकारकडे नोंदवायला हवी, आणि काउंटरवर त्याला हे कुणी सांगत नाही. त्याला सांगतात ते वेगळंच. "काका, उद्या कंपनीतून फीडबॅकचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हां. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." पोरगं भलं असतं, पगार बारा-पंधरा हजार असतो. दुसऱ्या दिवशी फोन येतो तेव्हा काका माळशेजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये असतात. आवाजामुळे फोनवरच्या बाईंचा प्रश्न नीट ऐकू येत नाही. तरी ते ओरडून सांगतात, "दहा! दहापैकी दहा!"