लाइटवाले अप्पा

कुणी 'आई गं' म्हटलं की ते अप्पांना तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं. एरवी काकूंनी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ऐकू जात नाही, तो भाग वेगळा. जिन्यात तुम्ही कठड्याला धरून जरा थांबलात की वरचं दार उघडतं आणि प्रश्न येतो, "डावा की उजवा?"

गुडघाच असणार, हे त्यांनी धरलेलंच असतं.

अप्पा वीज मंडळातून निवृत्त झाले. "तीस वर्षं लोकांचे लाइट घालवले, आता पापक्षालन चालू आहे," असं स्वतःच सांगतात. मध्यंतरी त्यांचा स्वतःचा गुडघा धरला होता. फिजिओथेरपीत त्यांना शेक मिळाला, करंट मिळाला, लेझर मिळालं आणि मांडीचे व्यायामही करायला लावले. गुडघा सुटला. चौघांपैकी श्रेय कुणाचं, याचा निकाल अप्पांनी परस्पर लावला आणि टॉर्चएवढं एक लेझर यंत्र विकत घेतलं. ते आता काकूंच्या हाराच्या मखमली डब्यात असतं. हार कुठे असतो, ते काकू कुणाला सांगत नाहीत.

"बसा. दहा मिनिटं फक्त." हे त्यांचं पालुपद. आधी गॉगल. डोळ्यांच्या बाबतीत अप्पा फार कडक आहेत, आणि ते योग्यच आहे. लेझर डोळ्यात जाणं वाईट. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाला हिरवा गॉगल चढतो. काकू त्याच गॉगलमधून मेथी निवडतात आणि पिवळी पानं कळत नाहीत म्हणून कुरकुरतात. पेशंट बाई असेल तर यंत्र काकूंच्या हातात जातं आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून सूचना देतात. "कापडावरून नको! कातडीला टेकवा!"

मग पेशंट हमखास म्हणतो, "अप्पा, काहीच जाणवत नाहीये."

या वाक्याचीच अप्पा वाट बघत असतात. "जाणवत नाही ना? शाब्बास! अहो, ही इस्त्री नाहीये. याला कोल्ड लेझर म्हणतात. गरम लागलं तर काहीतरी चुकलं समजा." पेशंटला यंत्र बंद असल्याचीच शंका येते, कारण ८०८ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्यावरही तोडगा तयार असतो. मोबाइलचा कॅमेरा यंत्रापुढे धरला की पडद्यावर जांभळट ठिपका उमटतो. टीव्हीच्या रिमोटचाही असाच उमटतो, पण ते अप्पा सांगत नाहीत.

उरलेली आठ मिनिटं इतिहासाची. १९६७, बुडापेस्ट. एन्ड्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरने उंदरांच्या पाठी भादरल्या आणि त्यांवर कमी ताकदीचं रुबी लेझर सोडलं. लेझरने गाठी होतात-जातात का, ते बघायचं होतं. गाठींचं काही झालं नाही. भादरलेल्या जागी केस मात्र भराभर उगवले! पुढे त्याने माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर तोच उपाय केला. ही गोष्ट सांगताना अप्पांचा हात नकळत स्वतःच्या टकलावरून फिरतो. तिथेही प्रयोग झालेला आहे. निकाल समोरच असतो.

वॉचमनने एकदा "पण होतं काय नेमकं?" असं विचारलं, तर त्याला मायटोकॉन्ड्रिया समजावून सांगितला: पेशीतलं पॉवर हाऊस, तिथलं एक एन्झाइम लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, की झालं, उत्पादन वाढलं. वीज मंडळाच्या माणसाला ही उपपत्ती न पटली तरच नवल. संशोधकही साधारण हेच मानतात. त्यांच्यात डोसाबद्दल मात्र वाद असतात. प्रकाश कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर उलट परिणाम कमी होतो. अप्पा हे तत्त्व दुसऱ्यांना बजावतात आणि स्वतःच्या गुडघ्याला यंत्र लावून बातम्या बघता बघता झोपी जातात.

अप्पांचा खरा घोटाळा असा की प्रकाश म्हटला की सगळं त्यांच्याच खात्यात जमा होतं. फिन्सेनला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ साली नोबेल मिळालं, ते अप्पांचं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाला कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं, तर पेढे घेऊन हेच हजर! त्या दिव्याचं काम निराळं, तो काविळीचं पिवळं द्रव्य शरीराबाहेर टाकता येईल असं बदलतो, हे सांगायला कुणी धजलं नाही. उलट कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलून निघू नये म्हणून हे लेझर देण्याची शिफारस तज्ज्ञांनी केलेली आहे. अप्पांचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच, पण त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्यांचा जीव गुडघ्यात. आणि गुडघ्याच्या बाबतीत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात.

तळमजल्यावरची फिजिओथेरपिस्ट मुलगी दिसली की अप्पा दोन पायऱ्या उलट चढतात. ती एवढंच विचारते, "अप्पा, मांडीचे व्यायाम चालू आहेत ना?"

तेव्हा गुडघा सुजला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, व्यायाम सुरू करा आणि मग खुशाल अप्पांकडे जा. पैसे ते घेत नाहीत. जाताना पोट तेवढं रिकामं ठेवा, कारण काकूंचं थालीपीठ खाल्ल्याशिवाय गॉगल परत घेतला जात नाही.