बातमी षट्कर्णी कशी करावी

बातमी पसरवायची असेल तर ती चारचौघांत सांगू नये. एकाच व्यक्तीला गाठावं, आवाज उतरवावा आणि "तुला म्हणून सांगते, आपल्यातच ठेव" अशी ताकीद द्यावी. ताकीद विसरलात तर बातमी जिना उतरत नाही. माणूस निवडताना "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात" म्हणणारा निवडावा. बोलघेवड्यांचं कुणी मनावर घेत नाही.

साक्षीदार दोन घरं पलीकडचा हवा. "मी पाहिलं" म्हटलं की लोक उलटतपासणी घेतात. "आमच्या वन्संच्या ऑफिसातल्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं" म्हटलं, की विचारायचं कुणाला हेच कळत नाही.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली सूत्रच दिलं: अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. गुणाकार आहे, तेव्हा यातलं काहीही शून्य झालं तर खेळ खलास. पाणी दोन दिवस बंद राहणार, ही बातमी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागण्याआधीच सांगावी.

पण सर्वोत्तम धडा २१ सप्टेंबर १९९५चा. गुरुवार, त्यात पितृपक्ष. पहाटे दिल्लीत गणपती दूध प्यायल्याची बातमी निघाली आणि दिवस मावळायच्या आत देशभर होऊन लंडनच्या साउथॉलपर्यंत गेली. मोबाइल नुकताच देशात आला होता, तोही मोजक्यांच्या खिशात. काम केलं घरच्या फोनांनी, एसटीडी बूथनी आणि दारोदारच्या शेजारणींनी. खुबी अशी, की विश्वास ठेवा असं कुणी म्हणालंच नाही. म्हणाले, "चमचा लावून बघा." काठोकाठ भरलेला चमचा मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जाई आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरे. पांढऱ्या संगमरवरावर तो दिसतो कुणाला? ऐकणाऱ्याच्या हाती असं काम द्यावं. मग साक्षीदार तोच होतो आणि पुढचे फोन स्वतःच्या खर्चाने करतो.

सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवलाही. पण त्यांनी खुलासा केला तो सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात आणि स्वतःच्या नावानिशी. "कुणाला सांगू नका" एवढंही म्हणाले नाहीत.