पैसा आप्पांचा, दस्त थोरल्याचा

बेनामी व्यवहार म्हटलं की डोळ्यांपुढे पुढारी आणि त्यांचे ड्रायव्हर येतात, आप्पा येत नाहीत. वास्तविक मिरचीचे नाहीतर उसाचे पैसे साठवून शहाद्याला प्लॉट घ्यायचा, खरेदीखत थोरल्याच्या नावाने करायचं आणि आपण साक्षीदाराच्या जागी सही ठोकायची, या विद्येत आप्पा कोणाला हार जाणारे नाहीत. पण त्यांना कायद्याचीच माफी आहे. १ नोव्हेंबर २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या किंवा अपत्याच्या नावाने घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. अपत्यांत मुलगीही येते, ही बातमी मात्र दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

आप्पा गेले की तेराव्यानंतर घरात इतिहाससंशोधन सुरू होतं. धाकटा म्हणतो, पैसा आप्पांचा. थोरला म्हणतो, दस्त बघ. दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत. बापाने मुलाच्या नावाने घेतलेल्या मालमत्तेचा असा एक तंटा १८५४ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात निकाली निघाला होता, म्हणजे परंपरा जुनी आहे. पुढे १९७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या: पैसा कुठून आला, ताबा कोणाचा, मूळ कागद कोणाच्या कपाटात, नंतरची वहिवाट कशी, आणि दुसऱ्याचं नाव घालण्यामागे हेतू काय. हेतू सांगू शकेल असा माणूस एकच, आणि त्याच्या फोटोला हार घातलेला. सातबारा नाचवूनही भागत नाही; तो महसुलाचा उतारा, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

थोरल्याच्या नावाच्या या दस्ताला लोक आप्पांचा भोळेपणा म्हणतात. मला ते मान्य नाही. आप्पांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, १९५६पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. मालमत्ता आप्पांच्या नावावर आलीच नाही, तर वाटणार काय? वडिलोपार्जित जमिनीला निदान आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीला साडी देऊन तिच्याकडून हक्कसोडावर सही घ्यावी लागते. इथे ती साडीसुद्धा वाचते. शहाद्याच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येला तर हिंदू वारसा कायदा लागूच नाही. तिथे बहिणीला रूढीचं उत्तर मिळायचं. ही रूढी आधी सिद्ध करून दाखवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये एका आदिवासी कुटुंबाच्या खटल्यात बजावलं. थोरल्याच्या नावाचं खरेदीखत असलं की एवढ्या वादाचीही गरज उरत नाही.

कोणी म्हणेल, पैसा बापाचा, तो हवा त्याला देईल. जरूर द्यावा. पण मग तसं उघड द्यावं. घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये पडतं. महाग पडतं ते मुलीच्या तोंडावर सांगणं. दुसरा आक्षेप असा, की मुलगा म्हातारपणी सांभाळणार आहे. मग तीच अट दस्तात लिहा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास प्रांताकडे अर्ज करून परत मिळवता येते. इथे अडचण अशी, की दस्तात आप्पा देणारे नाहीतच. विकणारा तिसराच, घेणारा थोरला, आणि आप्पा साक्षीदार.

म्हणून आप्पा, हयात आहात तोवर खरेदी स्वतःच्या नावाने करा आणि कोणाला किती, ते मृत्युपत्रात लिहा. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदार तेवढे दुसरे बघा.