वेड पांघरून गेमक्यूब

निन्टेंडोचा वी हा कन्सोल उभा ठेवला की त्याच्या टाळूवर एक छोटं झाकण दिसतं. ते उचलायचं. आत वायरवाल्या कंट्रोलरसाठी चार भोकं. शेजारी आणखी एक झाकण, त्याखाली मेमरी कार्डाच्या दोन फटी. २००६ साली लोक बिनवायरचा रिमोट हवेत फिरवत दिवाणखान्यात टेनिस खेळत होते, सोफ्यावरून पडत होते, आणि यंत्राच्या टाळूत २००१ सालचा गेमक्यूब सुखानं बसलेला होता. कित्येक घरांत ते झाकण एकदाही उघडलं गेलं नसेल. त्या घरांत शांतता नांदली.

आमच्याकडचा वी न्यू जर्सीच्या मावसभावानं घर बदलताना दिला, स्वतःच्या डझनभर गेमक्यूब डिस्कांसकट. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला तो लावणं म्हणजे पाहुण्याला दारातच अग्नी देणं. तपकीर गल्लीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागितला. दुकानदारानं विचारलं, "मिक्सर किती वॉटचा?" मी म्हटलं, "मिक्सर नाही, खेळ आहे." त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं, पांढऱ्या केसांकडे, आणि कन्सोलपेक्षा जड असा एक डबा मुकाट्यानं पिशवीत घातला.

जुना गेम नव्या यंत्रावर चालतो याचा अर्थ नवं यंत्र हुशार, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याला वेड पांघरून पेडगावला जावं लागतं. वीचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा. गेमक्यूबची आठ सेंटिमीटरची इवलीशी डिस्क आत गेली की तो स्वतःला ४८६ वर आणतो. आपला रिमोट ओळखत नाही. पोटात ५१२ मेगाबाइटची जागा असून सेव्ह करायला जुनंच कार्ड मागतो. ६४ मेगाबाइटच्या मेमरीतली फक्त १६ उघडी ठेवतो आणि उरलेली जणू जन्मात पाहिलीच नाही असा चेहरा करतो. इन्कम टॅक्सवाल्यांसमोर इतकं चोख दारिद्र्य मी कुणाचं पाहिलेलं नाही.

पण सोंग झालं तरी मुद्देमाल लपवायचा कुठे? वीनं तो ४८ मेगाबाइटचा भाग फक्त झाकला, पुसला नाही. त्यात कन्सोलच्या गुप्त किल्ल्या जशाच्या तशा पडलेल्या. काही करामती मंडळींना याचा वास लागला. त्यांनी यंत्र उघडून गेमक्यूबचं सोंग चालू असतानाच मेमरीच्या पत्त्याच्या तारा चिमट्यानं एकमेकींना जोडल्या. भुवया कोरायच्या चिमट्यासारख्याच चिमट्यानं! त्याबरोबर दिसणारी १६ मेगाबाइटची खिडकी सरकली आणि लपवलेला माल एकेक करून पुढ्यात आला. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत ही मात दाखवली गेली आणि त्या टोळीनं चिमट्यावरूनच टीम ट्विझर्स असं नाव मिरवलं. थोडक्यात, पूर्वजांचा मान राखायला गेलं आणि घरफोडी झाली.

किल्ल्या मिळाल्यावर पुढची युक्ती घोड्यावरून आली. झेल्डाच्या ट्वायलाइट प्रिन्सेस या गेममध्ये आपल्या घोडीला आपण नाव ठेवू शकतो. ते किती लांब आहे हे गेम नीट मोजत नसे. मग सेव्ह फाइलमध्ये घोडीला असं लांबलचक नाव ठेवलं की ते स्वतःच्या जागेतून उतू जाऊन कन्सोलच्या कारभारात घुसे आणि हवा तो प्रोग्रॅम चालू होई. निन्टेंडो अपडेट काढून अशा सेव्ह फाइली पुसू लागली. कंपनी एवढी मोठी, आणि भांडण घोडीच्या बारशावरून.

आमच्याकडे ना वायरवाला कंट्रोलर, ना मेमरी कार्ड, म्हणून मलाही ही चोरवाट हवी होती; पण माझ्या वेळेपर्यंत घोडी निवृत्त झाली होती. आता एसडी कार्डावर काही फाइली टाकायच्या, की कन्सोलच्या निरोपांच्या फळ्यावर बॉम्बचं चित्र असलेलं लाल पाकीट येतं. ते उघडायचं. मग पडद्यावर सूचना येते, की हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणी पैसे घेतले असतील तर तुम्हाला गंडवलंय, परत मागा. चोरवाटेवर एवढी सचोटी पाहून मला भरून आलं.

पाकिटावर नेम धरायला मात्र रिमोट हवा, आणि टीव्हीपुढची सेन्सर पट्टी न्यू जर्सीतच राहिलेली. ती पट्टी म्हणजे नुसते इन्फ्रारेड दिवे. रिमोटला दोन उजेडाचे ठिपके दिसले की पुरे. मी टीव्हीच्या दोन बाजूंना दोन पणत्या लावल्या. बाण ताबडतोब पडद्यावर हजर. तेवढ्यात आई आली. पणत्या पाहिल्या, टीव्हीसमोर हात उंचावलेला मी पाहिला, आणि म्हणाली, "घंटा देवघरात आहे."

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, हे सगळं तुझ्या लॅपटॉपवर एमुलेटरमध्ये चालेल." मी त्याला चहा करायला पाठवलं. तो येईपर्यंत निन्टेन्डोन्ट चढवलं. हा हौशी लोकांचा प्रोग्रॅम मूळ सोंगाच्या वरताण. यात वीचा प्रोसेसर गरीब होत नाही, पूर्ण वेगानं धावतो. फसवलं जातं ते गेमला. वीच्या पोटातला एक छोटा दुय्यम प्रोसेसर एकाच वेळी डिस्क ड्राइव्ह, वायरवाला कंट्रोलर आणि मेमरी कार्ड या तिघांच्या भूमिका करतो. वेग वेगळा म्हणून गेमच्या वेळेची गणितंसुद्धा गुपचूप बदलून दिली जातात. गावोगावच्या हौशी नाटकांत एकच नट शिपाई, वकील आणि न्यायाधीश होतो, तोच प्रकार. फक्त इथे मिशी गळत नाही.

पहिला गेम लावला सुपर मारिओ सनशाइन. बिचारा मारिओ सुट्टीला बेटावर जातो, दुसऱ्यानं फासलेल्या रंगाबद्दल कोर्ट त्यालाच दोषी ठरवतं, आणि पाठीवर पाण्याचा पंप घेऊन त्याला सगळं बेट धुवावं लागतं. गेमक्यूबच्या कंट्रोलरचा खटका अर्धा दाबला की मारिओ पळता पळता फवारा मारतो, पूर्ण दाबला की जागेवर उभा राहून. आमच्याकडच्या क्लासिक कंट्रोलर प्रोच्या खटक्याला अर्धं काही कळत नाही. होय किंवा नाही. त्यामुळे आमचा मारिओ दर फवाऱ्याला ठप्प उभा. भाचा सेटिंग धुंडाळत होता, मी अंगठा मोडून घेत होतो.

आई मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. "तो बरोबर करतोय," ती म्हणाली. "चालता चालता पाणी मारलं की कोपरे राहतात."