छतावरचं ऊन, शिवारातलं ऊन

आष्ट्या महाराष्ट्रात बऱ्याच. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. इथं बाकी काहीही कमी पडो, ऊन कधी कमी पडलं नाही. पूर्वी त्याची किंमत घरातल्या बायकांनाच ठाऊक होती. चैत्र लागला की स्लॅबवर कुरडया, पापड, सांडगे. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि गच्चीवरची तीनेकशे चौरस फूट जागा पॅनलनी धरली. "आता कुरडया काय तुमच्या डोक्यावर घालू?" या प्रश्नाचं उत्तर योजनेच्या माहितीपत्रकात नव्हतं.

घरच्या प्रकल्पावर जीव जडतो. किती युनिट झाले, हे मी मोबाइलवर घटकेघटकेला बघतो. १२ झाले की छाती फुगते. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या गावात ढग बघून तोंड पाडणारा मी एकटाच असेन.

खरी गंमत लाईट गेल्यावर. भर दुपारी डोक्यावर तीन किलोवॅट तळपतायत आणि खाली पंखा बंद! महावितरणच्या तारेला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही थांबतो. नाहीतर आपली वीज उलटी तारेत शिरायची आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतायचं. कारण पटतं, घाम मात्र येतोच.

शिवारातल्या मोठ्या प्रकल्पाकडे असं मायेनं कुणी बघत नाही. एका मेगावॅटला चार-पाच एकर रान लागतं, पण काम एकगठ्ठा असल्यानं युनिट स्वस्त पडतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, वर दरसाल तीन टक्के वाढ. हा हिशेब ऐकून कापूस लावणारा एक मित्र एवढंच म्हणाला, "पॅनलला बोंडअळी लागत नाही."

शिवाय ती वीज शेतीच्या फिडरला दिवसा मिळते. रात्री दोनला बॅटरी घेऊन, विंचू-काट्याच्या बांधावरून मोटार चालू करायला जाणाऱ्याला त्याचं मोल विचारा. माझ्या छतानं माझं बिल उतरतं, त्या रानातल्या पॅनलनी पंचक्रोशीला झोप लागते. आणि ज्याच्या घरावर नुसते पत्रे, किंवा घरच भाड्याचं, त्यानं पॅनल लावायचे कुठे? न्यायानं बघितलं तर पारडं रानाकडेच झुकतं.

तरी पाहुणा आला की मी त्याला गच्चीवरच नेतो. परवा मेव्हण्यांना नेलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पॅनलवर टिचकी मारली आणि विचारलं, "दाजी, बॅटरीला अनुदान आहे का?"