मशीन फुकट, भाडं फक्त महिन्याला

लग्नसराई तोंडावर आली की कऱ्हाड-साताऱ्याकडच्या कापडपेठेत दोन प्रकारची माणसं हिंडताना दिसतात. एक, बस्ता बांधायला आलेली वऱ्हाडं. दुसरे, गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर काळी सॅक अडकवलेले स्वाइप मशीनवाले तरुण. पहिल्यांना सगळं स्वस्तात हवं असतं आणि दुसऱ्यांना सगळं फुकट द्यायचं असतं. मधे गादीवर बसलेले आमचे साडीवाले शेठ पहिल्यांपुढे तासन्‌तास तसूभर हलत नाहीत. दुसऱ्यांपुढे मात्र चहा निवायच्या आत सही करून मोकळे होतात.

वास्तविक शेठ हे काही भोळं प्रकरण नव्हे. सुरतेच्या व्यापाऱ्याने अर्धा टक्का जास्त सोडावा म्हणून ते फोनवर त्याच्या आजोबांपर्यंतची ओळख काढतात. काठावरून नुसता अंगठा फिरवून जर खरी की खोटी ते सांगतात. घासाघिशीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. पण समोरच्या पोराने टॅब उघडून "सर" म्हटलं की ही सगळी विद्या कुठं जाते देव जाणे.

"सर, मशीन एकदम फ्री."

"आणि भाडं?"

"भाडं फक्त महिन्याला."

"कमिशन किती कापणार?"

"कमिशन झिरो, सर. फक्त एमडीआर लागेल."

कमिशन नाही म्हटल्यावर शेठ खूश. अटींची पानं पोरगा अंगठ्याने वर ढकलत नेतो आणि खालच्या चौकोनात बोटाने सही करायला लावतो. गल्ल्यावर बसलेल्या वहिनी तेवढ्यात विचारतात, "ते एमडीआर म्हणजे काय हो?" पोरगा म्हणतो, "ते बँकेचं असतं, मॅडम." बँकेचं असतं म्हटल्यावर आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

तर वहिनींसाठी सांगतो. एमडीआर म्हणजे कमिशनच. गिऱ्हाइकाने कार्ड घासलं की बिलातून जो टक्का कापला जातो, तो. त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्यांचा, उरलेला मशीन बसवणाऱ्याचा. आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला तो माफ आहे म्हणा, पण दोन हजारांत बस्ता कुणाचा होतो?

आता गंमत बघा. बस्ता झाला एक लाखाचा. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे गठ्ठे, सगळं बांधून झालं. नवरीच्या मामांनी पाकीट उघडलं, त्यात तीन कार्डं. पहिलं रुपेचं डेबिट कार्ड. त्यावर आणि यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे, म्हणजे शेठच्या खात्यात लाखच्या लाख. दुसरं व्हिसाचं डेबिट कार्ड. इथे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 पासून वेसण घातलेली आहे. दुकानाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.90 टक्के, म्हणजे 900 रुपये, वर जीएसटीचे 162. उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर 0.40 टक्के, तेही एका व्यवहाराला 200 रुपयांच्या वर नाही, मग बिल कितीही फुगलेलं असो. तिसरं क्रेडिट कार्ड. त्याला रिझर्व्ह बँकेची मर्यादाच नाही. दोन टक्के धरले तर दोन हजार गेले, वर 360 जीएसटीचे. शेठ जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतील तर त्या 360 चं इनपुट क्रेडिटही मिळत नाही.

मामा अर्थातच तिसरं काढतात.

कारण त्यांना पॉइंट मिळतात. त्या पॉइंटांवर वर्षाकाठी एक मिक्सर नाहीतर विमानाचं तिकीट सुटतं, आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये उपमा, इडली, कॉफी, पाहिजे तेवढं. मामा तिथून सेल्फी टाकतात, 'सगळं फ्री'. तो उपमा कुणाच्या पैशाने शिजला याचा हिशेब कुणी मांडत नाही. शेठच्या दोन टक्क्यांतला मोठा वाटा कार्डवाल्या बँकेकडे जातो आणि पॉइंटांचा, लाउंजचा खर्च ती बराचसा त्यातूनच भागवते. म्हणजे मामांनी आधी घासाघीस करून चार हजार उतरवले, मग शेठच्याच पैशाने नाश्ता केला. शेठ स्वतः मात्र मुंबईला अजून रात्रीच्या एसटीने जातात.

मुद्दा असा की क्रेडिट कार्डाचा हा दर दगडावरची रेघ नाही. तो ठरवता येतो. एकाला एक, दुसऱ्याला दुसरा, असा तो दिलाही जातो. पेठेत सगळ्यात घासाघिशीची जागा कुठली असेल तर ती ही. आणि नेमके इथेच शेठ गप्प. अर्धा टक्का म्हणजे लाखाला पाचशे, सबंध हंगामाचे किती होतात हे सुरतवाल्याशी बोलताना ते तोंडी सांगतील. त्या पोराला एवढंच विचारायचं होतं: रुपे डेबिट किती, दुसरं डेबिट किती, साधं क्रेडिट किती, कंपन्यांची ती भारीतली कार्डं किती आणि अमेरिकेहून लग्नाला आलेल्या आत्याचं कार्ड किती? या प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, आणि आत्याचा सगळ्यात जड. पोराच्या पत्रकावर मात्र एकच आकडा छापलेला असतो, सगळ्यात लहान, आणि त्याच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फुली.

बाकीचा संसार मशीन आल्यावर कळतो. भाडं माफ, पण महिन्याला अमुक लाखांची उलाढाल मशीनवर झाली तर. श्रावणात, पितृपंधरवड्यात ती होत नाही, मग भाडं खात्यातून आपोआप वळतं होतं. मशीन परत करायचं म्हटलं तर ते कुणी न्यायला येत नाही, आणि ते जमा होईपर्यंत भाडं चालूच. बोलणारा स्पीकर वेगळा, त्याचं भाडं वेगळं. कागदाचा रोल संपतो तो नेमका वऱ्हाड समोर असताना. पैसे 'लगेच' जमा होतात म्हणजे दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी हवे असतील तर त्याचाही टक्का. शनिवारी संध्याकाळी बांधलेल्या बस्त्याचे पैसे कधी येणार, हा प्रश्न सही करण्याआधी विचारला तर उत्तर मिळतं. नंतर विचारला तर इंग्रजी बाई 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणते आणि मागे संतूर वाजत राहतं. ज्या पोराने सही घेतली तो तोपर्यंत विमा विकायला लागलेला असतो, आणि फोन केलाच तर शेठना पॉलिसी सांगतो.

मग एक दिवस मेसेज येतो: 'अभिनंदन! तुम्हाला तीन लाखांचं कर्ज मंजूर.' अर्ज कुणी केला होता? कुणीच नाही. पण रोजची उलाढाल मशीनला कळते, त्यामुळे किती कर्ज पचेल हेही त्याला कळतं. हप्ता भरायला बँकेत जायला नको, रोजच्या विक्रीतून परस्पर कापला जातो. पूर्वीचा सावकार निदान दारात यायचा. आता त्याला गल्ल्याशेजारी बसवून वर आपणच भाडं भरतो.

गल्ल्याकडे बघाल तर लक्ष्मीच्या तसबिरीला टेकून पाच कंपन्यांचे पाच स्कॅनर उभे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2020 मध्येच सांगितलं होतं की कुठल्याही ॲपने वाचता येईल असाच क्यूआर कोड ठेवा, बाकीचे मार्च 2022 पर्यंत बदला. म्हणजे एक पुरतो. पण प्रत्येक कंपनीचा पोरगा येतो, आपला स्कॅनर पुढे आणि दुसऱ्याचा मागे सरकवून जातो. लक्ष्मी हळूहळू दिसेनाशी झाली आहे.

शेठच्या बाजूनेच सगळं लिहिलं तर तेही खरं नाही. 'कार्डावर 2 टक्के जादा' ही पाटी त्यांनी लावली आहे ती सगळ्या कार्डांना सरसकट. डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकायचा नाही असा नियम आहे. रुपे डेबिटवर तर शेठना एक पैसा पडत नाही, तरी दोन टक्के घेतात. शून्यावर दोन टक्के सुटणारा असा दुसरा धंदा मला माहीत नाही. आणि रोखीवर त्यांचं एवढं प्रेम का, हेही काही गुपित नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळूरच्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. आमच्या शेठनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. कार्डाच्या दोन टक्क्यांबद्दल ते एवढं मन लावून कधी बोलले नव्हते.

तरी मशीन लागतंच. यूपीआयने एका दिवसात साधारण लाखभरच जातात, बस्ता त्यापुढे सरकतो, आणि 'मशीन नाही' म्हटलं तर वऱ्हाड समोरच्या दुकानाची पायरी चढतं. तेव्हा शेठ, मशीन घ्याच. फक्त त्या पोराला सुरतेचा व्यापारी समजा. पाचही दर लेखी घ्या, मशीन परत करायची अट वाचा, पैसे कोणत्या दिवशी येणार ते विचारा आणि सही उद्यावर टाका. 'ऑफर आजच संपते' असं तो म्हणेल. संपू द्या, उद्या दुसरा येतो.

आणि मामा, तुम्हालाही एक विनंती. बस्त्याला जाताना पाकिटातलं रुपेचं कार्ड वर ठेवा. क्रेडिट कार्डच द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण ते घासाघीस सुरू करण्याआधी शेठना दाखवा.