गाडीचे दात मोजू नयेत

समाजात विश्वास उरला नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी यावे आणि शेजारच्या आबांच्या घराने एका दिवसात जुनी गाडी कशी आणली ते ऐकावे. मी त्या दिवशी सोबत होतो. शहरात बोलायला शिकलेला माणूस बरा म्हणून मला नेले होते. बोलायची वेळ मात्र कोणी माझ्यावर येऊ दिली नाही.

आबांची ख्याती जनावर पारखण्यासाठी आहे. पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायचा असला की ते सकाळी बाजारात शिरतात आणि दुपारपर्यंत कोणाशी गोड बोलत नाहीत. खोंड आदत, दुसा की चौसा, हे मालकाच्या तोंडून नव्हे, जनावराच्या तोंडातून ठरवतात. भोवरे बघतात, खूर दाबतात, चालवून आणि पळवून पाहतात. जनावराच्या बाबतीत एवढा संशय रास्तच आहे, कारण बैलाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. गाडीचे तसे नसते. तिची बाजू मांडायला एजंट असतो.

खरेदीआधी घराने केलेला अभ्यासही नमूद करायला हवा. अमावास्या टाळली, राहुकाळ टाळला. आल्याला दर लागला होता. पैसे पिशवीत होते आणि पिशवी आईंच्या मांडीवर. नऊ माणसे, एक तान्हे बाळ, शिदोरी, नारळ, हार, हळद-कुंकू आणि लिंबू-मिरची एवढा सरंजाम भाड्याच्या जीपमध्ये बसवून आम्ही पहाटे पाचला निघालो. यादीत मेकॅनिक नाही, हे काहींना खटकेल. पण हार घेऊन निघालेल्या माणसांनी रिकाम्या हाती परतण्याची सोय ठेवणे हेच मुळी अशुभ. गाडी घरातून निघतानाच घेऊन झाली होती. पुण्यात जाऊन ती कोणती, एवढेच ठरवायचे होते. शिवाय जाणकार म्हणून थोरल्या मुलाचा, म्हणजे भाऊचा, मेहुणा होता. तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्याने टायरला लाथ मारून पाहिली. टायरने तक्रार केली नाही.

बाह्यवळणावरच्या एका कार बाजारात एजंटने आम्हाला ‘पाहुणे’ म्हटले आणि चहा मागवला. गाडी पांढरी, सात सीटर, २०११ची. ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना, एक रुपयाचं काम नाही.’ विकायला आलेली बहुतेक प्रत्येक गाडी डॉक्टरांची असते, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेविषयी मोठे आश्वासक आहे.

मीटरवर अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होते. ब्रेकच्या पायडलचे रबर झिजून आतले लोखंड दिसत होते. डॉक्टर घर ते दवाखाना हे अंतर ब्रेकवर उभे राहूनच कापत असावेत. मीटर मागे घेण्याला काही लोक फसवणूक म्हणतात. मला त्यात करुणा दिसते. माणूस केस रंगवतो, तरी गुडघे खरे वय सांगतातच. गाडीला मात्र लॅपटॉप जोडला की थोड्या वेळात तिची लाखभर किलोमीटरची वणवण कायमची पुसली जाते. एवढे पुण्य काशीलाही मिळेल की नाही, शंका आहे.

नंबर एमएच १०, म्हणजे सांगलीचा. डॉक्टर मूळचे तिकडचे, असे कळले. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज होता, स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ होता आणि आत उदबत्तीचा दाट वास होता. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेने सांगलीत कोणाकोणाच्या दारात मुक्काम केला, ते वाचकांना आठवत असेल. पुरात बुडालेल्या गाडीचे वायरिंग आतून सावकाश कुजत राहते, असे जाणते सांगतात. मी तो गाळ आईंना दाखवला. त्यांनी तो चिमटीत चोळून पाहिला आणि म्हणाल्या, “काळी माती हाय, चांगली.” नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ येत होती. ही बेरीज तिघांनी वेगवेगळी तपासली.

ट्रायलला पाहुण्यांना कष्ट नकोत म्हणून एजंटने स्वतःच गाडी चालवली. इंजिन आम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवले होते. थंड इंजिन सुरू करताना ते किती धूर ओकते, किती खडखडते, हे उघडे पडते. पहिल्याच भेटीत असले कोणाचे पाहू नये, एवढी रीत त्याला होती. एसी गार होता, गाणे मोठे होते. गाडी पसंत पडली.

भाचरांतल्या एकाच्या हातात चांगला फोन होता. त्याने गाडीचे शंभरेक फोटो काढले आणि दोन रील केले. त्याच फोनवर सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकला असता तर विमा केव्हा संपतो, पासिंग कधीपर्यंत आहे, हे तिथल्या तिथे दिसले असते. गाडीच्या खासगी आयुष्यात त्याने डोकावले नाही. वहिनी बी.ए. झाल्या आहेत. त्यांनी एकदाच विचारले, “पण गाडी नावावर कधी व्हायची?” त्यांना पेढे वाटायला सांगण्यात आले.

खरे तर कागदांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. १९८८चा मोटार वाहन कायदा उगाच घाई करतो: राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे म्हणतो. आम्हाला फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात, डॉक्टरांच्या सहीसह कोरे मिळाले. ‘नावावर सावकाश करा. बोजा उतरलाय, बँकेचा कागद तेवढा यायचाय.’ आबांनी मान डोलावली. हे तेच आबा, ज्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा कर्ज फिटल्यावर चार दिवस जास्त राहिला तर तलाठ्याला झोप लागत नाही. ज्यांनी हातभर बांध कोरला म्हणून सख्ख्या चुलतभावाला कोर्टाची पायरी दाखवली. इतका चिकित्सक माणूस एका कोऱ्या कागदापुढे असा निवांत झालेला पाहून मला भरून आले.

त्या न पाहिलेल्या डॉक्टरांचे औदार्यही मोठे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितले आहे की गाडी हातोहात कितीही विकली गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. म्हणजे उद्या आमच्या गावच्या वळणावर भाऊच्या हातून जे घडेल, त्याची जबाबदारी सांगलीच्या एका सज्जनाने सही करून आधीच उचललेली आहे. गाडी बाभळीवर आदळली, तर विमा कंपनी डॉक्टरांना विचारील आणि डॉक्टर विचारतील, कोणती गाडी? या सगळ्या कागदांत एजंटचे नाव मात्र कोठेही नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावे, असा नियम एप्रिल २०२३पासून लागू आहे. पण समाजकार्य करणाऱ्याने प्रसिद्धीपासून दूर राहावे, हा संस्कार त्याहून जुना.

परतताना गाडीने आम्हाला देवदर्शन घडवले. जाताना खंबाटकीचा बोगदा लागला होता, येताना घाट चढावा लागला. निम्म्या घाटात बॉनेटमधून वाफ आली आणि खामजाईच्या देवळाजवळ सगळे उतरलो. नवी गाडी असती तर देवीपुढून तशीच निघून गेली असती. आईंनी कुंकू वाहिले, मेहुण्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतले आणि राहिलेला नारळ तिथेच फुटला. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. तरी गल्ली जागी होती. भाकरतुकडा ओवाळला गेला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, आणि पासिंगचे अवघे काही महिने उरलेल्या त्या गाडीचे माहेरवाशिणीसारखे स्वागत झाले.

वाचकांपैकी कोणी येत्या सुगीनंतर गाडी घेणार असतील, तर त्यांनी हा वस्तुपाठ जरूर डोळ्यांसमोर ठेवावा. सोबत माणसे नेता येतील तितकी न्यावीत, कारण जितकी माणसे जास्त, तितका ‘नको’ म्हणणारा एकटा पडतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती पेढे द्यावेत. आणि पारख जपून ठेवावी. ती बैलासाठी लागते.

आबा परवाच बैलबाजारातून खोंड न घेता परतले. व्यापारी चौसा म्हणत होता, तोंड उघडल्यावर सहादाती निघाला. गाडी अंगणात उभी आहे आणि सकाळी ढकलल्यावर सुरू होते. तीस दिवस गेल्या आठवड्यात संपले. टीटी फॉर्म कोरेच आहेत. पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या खाली.